विंटर व्हेजिटेबल किट: पिशव्या ठेवा, बियांची निम्मी पाकिटं बदला

नवरात्र उलटलं की रोपवाटिकांत आणि ऑनलाइन दुकानांत हिवाळी भाज्यांची तयार किटं दिसायला लागतात. आतला माल ब्रँड कुठलाही असला तरी जवळपास सारखाच असतो: १२ बाय १२ इंची पाच ग्रो बॅगा, पाच किलोची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्शाची) वीट, किलोभर गांडूळखत, नीमतेलाची छोटी बाटली, प्लास्टिकचं खुरपं आणि आठ-दहा बियांची पाकिटं. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या मालाचं आहे. महाराष्ट्रातल्या गच्चीवर किंवा गॅलरीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी यातून खरंच काय पिकतं, ते पाहू.

निकाल आधीच सांगतो. पिशव्या घेण्याजोग्या आहेत. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नये. खत अगदीच अपुरं. आणि बियांची यादी बहुतेक किटांत आपल्या हवेचा आणि आपल्या स्वयंपाकघराचा विचार न करता केलेली असते.

पिशव्या

एचडीपीई प्लास्टिकच्या विणीची, उन्हात टिकावी म्हणून यूव्ही प्रक्रिया केलेली पिशवी चांगली टिकते. वेष्टनावर २२० किंवा २६० जीएसएम, म्हणजे चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, लिहिलेलं असतं. ते खरं आहे का, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासता येतं. १२ इंच व्यास आणि १२ इंच उंचीच्या गोल पिशवीला तळ धरून साधारण ०.३६ चौरस मीटर कापड लागतं. म्हणजे २२० जीएसएमची पिशवी ८० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, दुमड आणि बंद धरून थोडी जास्तच. काटा ५०-५५ दाखवत असेल तर कापड पातळ आहे. उन्हाकडे धरून पाहिलं तर विणीतून उजेडाचे ठिपकेही दिसतील. अशी पिशवी परत करावी.

पिशवी फाटते ती बहुधा कापडात नाही, शिवणीत. तळाच्या शिवणीवर दोन्ही हातांनी ताण देऊन पाहा. टाके एकेरी असतील आणि दोरा सुती असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तळ उसवेल. दोन्ही बाजूंच्या बंदांवर तर विसंबूच नका. भरलेली ओली पिशवी २० किलोच्या आसपास जाते आणि ते बंद रिकामी पिशवी उचलण्यापुरतेच असतात. जिथे ठेवायची तिथेच भरा. खाली दोन विटा घाला म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतात आणि स्लॅबवर ओल धरत नाही.

गच्चीवर मोठ्या पिशव्या घेणाऱ्यांनी वजनाचा हिशेब करावा. २४ बाय २४ बाय ९ इंची चौकोनी पिशवीत ८५ लिटर मिश्रण मावतं. ओलं असताना ते ८० किलोंच्या घरात जातं, आणि तेही जेमतेम ०.३७ चौरस मीटर जागेवर. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडच्या बांधकाम मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात. म्हणून अशा पिशव्या स्लॅबच्या मधोमध एकमेकींना खेटून न ठेवता कठड्यालगत, तुळईच्या रेषेवर आणि मध्ये जागा सोडून मांडायच्या.

माती-खताचं गणित

किटचं खरं दुखणं इथे आहे. १२ बाय १२ ची पिशवी काठोकाठ २२ लिटरची. वर दोन इंच मोकळे सोडले तर साडेअठरा लिटर. पाच पिशव्यांना ९२ लिटर मिश्रण लागतं. पाच किलोची वीट फुलून साधारण ६० ते ७० लिटर होते आणि किलोभर गांडूळखत म्हणजे दीड-दोन लिटर. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, 'मातीची गरज नाही'. लोक मग नुसतं कोकोपीट भरतात आणि वर मूठ-मूठ खत टाकतात. मेथी चौथ्या दिवशी छान उगवते, दहाव्या-बाराव्या दिवशी पिवळी पडते आणि बोटभर उंचीवर थांबते. बी खराब नव्हतं. कोकोपीट पाणी धरतं, पण त्यात रोपाला खायला जवळपास काहीच नसतं.

पाच पिशव्यांसाठी हे प्रमाण धरा: ३६ लिटर माती, २८ लिटर गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, २८ लिटर फुललेलं कोकोपीट आणि पाव किलो नीमपेंड. लिटर मोजायला साधी बादली पुरते. म्हणजे किटमधल्या विटेतलं निम्मंच लागेल आणि खत मात्र १५ ते १८ किलो वेगळं आणावं लागेल. माती लाल किंवा पोयट्याची घ्या. काळी चिकणमाती असेल तर मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ती पिशवीत आवळून बसते आणि वाळली की पिशवीच्या कडेने फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. महिन्याभरात मिश्रण दोन बोटं खाली बसेल. उरलेलं कोकोपीट आणि खत तेव्हा वर भरायला ठेवा.

विटेबद्दल थोडं सविस्तर. नारळाच्या काथ्याच्या भुश्शात सोडियम-पोटॅशियमचे क्षार राहतात. वेष्टनावर 'लो ईसी' (कमी क्षारांचं) किंवा 'वॉश्ड' (धुतलेलं) लिहिलं नसेल तर क्षार आहेत असंच धरा. वीट मोठ्या टबात २० ते २५ लिटर पाण्यात तासभर फुलवा, गोणपाटात बांधून निथळू द्या आणि पुन्हा स्वच्छ पाण्यात घाला. असं तीनदा. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा असतो तो फिका होत जातो, पण रंग म्हणजे क्षार नव्हेत. जवळ पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस पेन असेल तर आधी नळाच्या पाण्याचा आकडा घ्या, मग कोकोपीट पिळून निघालेल्या पाण्याचा. दोन्हींतला फरक २५० च्या खाली आला की वापरायला हरकत नाही. न धुता वापरलं तर पालकाच्या आणि कोबीवर्गीय रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि लोक रोग समजून फवारण्या करत बसतात.

पाणी घालताना आणखी एक चूक होते. कोकोपीट वरून लवकर फिकं पडतं आणि कोरडं दिसतं, पण दोन इंच खाली ओलंच असतं. रोज झारी फिरवली की कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

बियांची पाकिटं

पाकीट उलटून पाहा. लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधतेची तारीख आणि उगवणशक्तीची टक्केवारी मागच्या बाजूला असायला हवी. अनेक किटांत नुसतं भाजीचं चित्र आणि नाव असलेली झिपची पुडी येते. मेथी, मुळा, कांदा, टोमॅटोसाठी प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के धरलेली आहे, गाजर आणि पालकासाठी ६०, वाटाण्यासाठी ७५. घरी पडताळायला प्रत्येक जातीच्या २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. मुळा-मेथी तीन-चार दिवसांत मोड दाखवतात, पालक आठवड्यात, गाजर आठ ते बारा दिवसांत. गाजराच्या वीसपैकी बाराही फुटल्या नाहीत तर ते पाकीट कामाचं नाही. बी गुलाबी किंवा निळं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पेरायचं, खायचं नाही. मायक्रोग्रीनसाठी, म्हणजे बोटभर कोंब कापून खायला, तर मुळीच नाही.

आता एकेक जात.

मेथी आणि धने यांची पाकिटं म्हणजे पैसे वाया. किटमध्ये मेथीचे दोन ते पाच ग्रॅम येतात. एका १२ इंची पिशवीत जुडी निघावी इतकी दाट मेथी पेरायची तर निदान पाच ग्रॅम एका वेळेला लागते, आणि मेथी दर दहा दिवसांनी पेरत राहिलं तरच घराला पुरते. वाण्याकडची मेथी छान उगवते. वाण्याकडचे धनेही उगवतात, मात्र ते चपलेने हलके रगडून दोन फाका करायचे, रात्रभर भिजवायचे आणि दहा-बारा दिवस धीर धरायचा. न फोडता पेरलेले धने उशिरा आणि विरळ उगवतात.

पालकाच्या पुडीवर इंग्रजीत 'स्पिनच' लिहिलेलं असतं. आपला पालक म्हणजे बीटचाच एक प्रकार, परदेशी स्पिनच वेगळा. परदेशी जातीला बरीच थंडी लागते आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती नीट उगवत नाही. पाकिटावर ऑल ग्रीन किंवा पुसा ज्योती असं नाव असेल तर तो आपला पालक. त्याचं दिसायला एकच बी म्हणजे दोन-तीन बियांचा गुच्छ असतो. त्यामुळे एकाच जागी दोन-तीन रोपं उगवली तर एक ठेवून बाकीची कात्रीने कापा, उपटू नका. उपटताना शेजारचं मूळ हलतं.

मुळ्याच्या पाकिटावर नुसतं 'व्हाइट लाँग' असतं, आणि नेमकी तिथेच जात महत्त्वाची. पुसा चेतकी ऊन सोसते, ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीच पेरावी. पुसा हिमानी आणि जॅपनीज व्हाइट थंडीतल्या. थंडीतली जात उकाड्यात पेरली की पाला माजतो आणि मूळ दोरीएवढं राहतं. लांब मुळ्याला बाराच इंच खोली हवी. नऊ इंची पिशवीत तो तळाला टेकून वाकतो.

गाजर ५ ऑक्टोबरच्या सुमारास पेरलं तर शंभर दिवसांनी बरोबर भोगीच्या भाजीला येतं. बी फार बारीक, ग्रॅममध्ये आठशेच्या घरात. ते चौपट कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडायचं, वर अर्धा सेंटिमीटर माती आणि त्यावर ओलं गोणपाट. मोड दिसले त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, एक दिवस उशीर झाला की रोपं पांढरी आणि लांबोळकी होतात. विरळणी करून दोन रोपांत सहा-सात सेंटिमीटर ठेवा. या अंतराने १२ इंची पिशवीत पंधरा-सोळा गाजरं बसतात. कच्चं शेणखत किंवा मातीची ढेकळं असतील तर गाजराला फाटे फुटतात. कुंडीला नान्टीस बरं, ते बोथट आणि आखूड असतं.

मटाराच्या पाकिटात पंधरा-वीस दाणे येतात आणि खोक्यावर शेंगांनी भरलेल्या टोपलीचं चित्र. अर्केल जात बुटकी आणि लवकर येणारी, ५५-६० दिवसांत तोडणी सुरू. पण एका झाडाला कुंडीत आठ-दहा शेंगा. पंधरा झाडांचे सगळ्या मोसमात मिळून पावशेर दाणे निघतील. उसळीची अपेक्षा असेल तर पन्नासेक झाडं लावा, नाहीतर मुलांना वेलीवरून शेंग तोडून खायला मिळावी एवढ्यासाठी एक पिशवी ठेवा. दुसऱ्या कारणासाठी मटार लावणं पूर्णपणे योग्य आहे.

फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली: १२ इंची पिशवीत एकच रोप. पाच पिशव्यांत पाच गड्डे, तेही अडीच-तीन महिने जागा अडवून. फ्लॉवरच्या जाती तापमानाला बांधलेल्या असतात. स्नोबॉल गटातली जात ऑक्टोबरअखेर रोपाला टाकायची असते. ती आधी उकाड्यात लावली तर पानंच येतात, आणि लवकरची जात कडाक्याच्या थंडीत सापडली तर बटणाएवढाच गड्डा धरते. रोप दीड महिन्याचं होईपर्यंत ट्रेमध्ये अडकून राहिलं तरी हेच होतं, पंचवीस-तीस दिवसांचं असतानाच हलवा. पुणे, नाशिक, नागपूरकडे हा खटाटोप जमतो. मुंबई आणि कोकणपट्टीत जानेवारीतही रात्री फार उतरत नाहीत, तिथे फ्लॉवरची पिशवी नवलकोलाला द्या. व्हाइट व्हिएन्ना जातीची तीन रोपं एका पिशवीत मावतात आणि पन्नास-साठ दिवसांत कामाला येतात.

लेट्यूसचं बी तापमान तिशीच्या वर असलं की उगवायचं नाकारतं. ते पाकीट नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फ्रिजच्या दारात ठेवा. पेरताना मातीत पुरायचं नाही, वर पसरून हलकं दाबायचं, कारण त्याला उजेड लागतो. ढोबळी मिरची आणि टोमॅटोचं बी किटमध्ये असलं तरी ऑक्टोबरात पेरायला उशीर झालेला असतो. रोपवाटिकेतून वीतभर रोपं आणा. सेलरी सोडून द्या.

आणि यादीत जे नाही त्याचं जास्त वाईट वाटतं. चाकवत नाही, चुका नाही, हरभरा नाही, लसणाची पात नाही. आपल्या हिवाळ्याच्या भाज्या याच, आणि कुंडीत सगळ्यांत सोप्याही याच. हरभरा वाण्याकडचा साबूत घेऊन दोन-दोन इंचांवर टोचा, तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडा. खुडलं की फांद्या फुटतात आणि पाला दुसऱ्यांदा मिळतो. घरात मोड आलेल्या लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लावा, महिन्याभरात पात कापता येते. चाकवत आणि चुक्याचं बी बियाण्यांच्या दुकानात सुटं मिळतं. किट बनवणाऱ्यांनी सेलरीच्या जागी ही दोन पाकिटं घातली तर आम्ही लगेच एक गुण वाढवू.

नीमतेल आणि बाकीचं

बाटलीवर पीपीएमचा आकडा, म्हणजे तेलातल्या कीडनाशक घटकाचं प्रमाण, शोधा, मात्रा त्यावर ठरते. ३०० पीपीएमचं असेल तर लिटरला ५ मिली, १०,००० पीपीएमचं असेल तर १ ते २ मिली. किटच्या माहितीपत्रकात सरसकट 'एक झाकण' लिहिलेलं असतं, त्याने पानं भाजतात किंवा काहीच होत नाही. तेल पाण्यात मिसळायला लिटरला मिलिभर द्रवसाबण लागतो. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून. मावा तिथेच दाटलेला असतो. कोबीच्या गाभ्यात शिरलेल्या माव्यापर्यंत तेल पोचत नाही, तिथे पाण्याची जोरदार धार मारून तो धुऊन काढा. पालेभाजीवर फवारलं तर चार दिवस कापू नका.

प्लास्टिकचं खुरपं पहिल्या आठवड्यात मोडतं. लोहाराकडचं एक लोखंडी घ्या. दर पंधरा दिवसांनी पिशवीमागे मूठभर गांडूळखत वरून पेरून हलकं मिसळत राहा, महागड्या द्रवखताची गरज पडत नाही.

तोडणी

माहितीपत्रकं इथे गप्प असतात, म्हणून थोडं लिहितो. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढा. मुळासकट उपटायची नसेल तर दोन इंच बुंधा ठेवून कापा, दुसरी फूट येते पण पहिल्याएवढी भरघोस नसते. पालक मात्र चार-पाच कापण्या देतो. बाहेरची पानं देठाशी कापा आणि मधला कोंब शाबूत ठेवा. कापणी सकाळी करावी, उन्हं चढल्यावर कापलेली जुडी तासाभरात मान टाकते. नवलकोल टेनिसच्या चेंडूपेक्षा लहान असतानाच काढा, वाट पाहिली की आत दोरे धरतात. फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा दिसला की बाहेरची पानं वर घेऊन सुतळीने सैल बांधा, नाहीतर उन्हाने तो पिवळा पडतो. मटार दर तीन दिवसांनी तोडा. शेंगा वेलीवर जून झाल्या की नवी फुलं येणं थांबतं.

मुळा ४५ दिवसांनंतर एक आठवडाही ठेवू नका. खांदे मातीवर आले आणि तीन-चार सेंटिमीटर जाड झाले की उपटा, नाहीतर आतून कापसासारखा होतो. फक्त दोन रोपं मुद्दाम उभी ठेवा. फेब्रुवारीच्या तोंडाला त्यांना दांडा येईल, पांढरी-जांभळट फुलं येतील आणि मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा. नखाने दाबल्यावर कट्कन मोडते ती डिंगरी कोवळी. वाकते पण मोडत नाही, ती बियाण्याला ठेवा. कोवळ्या वाटीभर डिंगऱ्यांना मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची आणि थोडं दाण्याचं कूट पुरतं.